अशक्तपणाची सलाईन लावण्याआधी: नैराश्य ओळखून उपचारापर्यंत कसं पोहोचायचं

"काय नाय डॉक्टर, अंगात ताकद नाय. एक सलाईन लावा." कोकणातल्या कुठल्याही गावच्या दवाखान्यात हे वाक्य कानावर पडतं, आणि असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचं मूळ दुखणं नैराश्य असतं. सलाईन लागते, दोन दिवस तरतरी वाटते, मग पुन्हा तेच. पुढे रक्ताच्या तपासण्या, देवाला कौल, मुंबईला नेऊन आणणं, आणि मानसोपचारतज्ज्ञ सगळ्यात शेवटी. तिथवर पोहोचलेल्यांपैकीही बरेच जण दहा दिवसांत गोळ्या सोडतात. चुका बहुतेक ठरलेल्या आहेत आणि त्या क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. अपवाद फक्त लगेच खाली दिलेल्या तातडीच्या भागाचा.

सगळ्यात आधी: या खुणा असतील तर बाकीचं सोडा

माणूस मरणाची भाषा करतोय आणि सोबत काही तयारीही दिसतेय (जमिनीचे किंवा बँकेचे कागद अचानक कुणाच्या तरी हवाली करणं, निरोपाचे फोन, "माझ्यानंतर गुरांचं बघ" अशा सूचना), तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कानात आवाज येणं, कुणीतरी मारायला टपलंय असं ठाम वाटणं, अन्नपाणी पूर्ण बंद होणं, यांनाही हाच नियम. गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका, संडासला जातानाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. शेजाऱ्याची रिक्षा लवकर मिळत असेल तर ती घ्या.

फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या, डॉक्टरला तेच हवं असतं. पोलिसांच्या भीतीने "चुकून प्यायला" किंवा "पोटात दुखतंय" असं सांगण्यात घरचे मोलाचा वेळ घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, शिक्षेचा प्रश्न सहसा येत नाही. खरं काय ते पहिल्या मिनिटाला सांगा.

टप्पा १: दोन आठवड्यांचा हिशोब मांडा

एखाददुसरा वाईट दिवस यात मोजत नाहीत. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, हे माप आहे. मुख्य लक्षणं दोन:

१. मन उदास, रितं, निराश असणं.
२. ज्यात जीव रमायचा त्यातला रस जाणं.

या दोन्हींपैकी एकही नसेल तर आधी दुसरं कारण शोधा. घरच्यांनी दुसऱ्या लक्षणावर जास्त नजर ठेवावी, कारण उदासी लपवता येते, रस गेलेला लपत नाही. सकाळी बंदरावर जाऊन स्वतः मासळी निवडणारा माणूस "काय मिळेल ते आणा" म्हणू लागतो. कलमांना मोहोर आलेला असतो आणि बागेत पाऊल पडलेलं नसतं. भजनाची पेटी तीन गुरुवार उघडलेली नसते. ताटातली सुरमई तशीच राहते आणि "चव लागत नाही" एवढंच उत्तर येतं.

यांच्या जोडीला आणखी सात गोष्टी पाहायच्या. झोप (विशेषतः पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, काहींना उलट दिवसभर झोप), भूक आणि वजन, काही न करताही येणारा थकवा, बोलणं-चालणं मंदावणं किंवा उलट एका जागी बसवत नाही अशी बेचैनी, लक्ष न लागणं आणि साधे निर्णयही न होणं, "मी सगळ्यांना भार झालोय" अशी स्वतःला दोष देणारी भाषा, आणि मरणाचे विचार. नऊपैकी पाच, त्यात मुख्य दोनपैकी किमान एक, आणि रोजच्या कामावर परिणाम, असं चित्र असेल तर डॉक्टर गाठायचा.

स्वतःची चाचपणी करायची असेल तर 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून गुण द्यायचे: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज १० किंवा जास्त आली तर भेट ठरवा. २० च्या पुढे गेली तर याच आठवड्यात.

*तपासा:* नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, थेट टप्पा २ आणि ३ करा आणि डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. या प्रश्नावलीने निदान होत नाही, पुढे जायचं की नाही एवढंच कळतं.

इथे गल्लत होते

पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, हातात पैसा कमी, आठवडाभर ऊन नाही. या दिवसांत सगळेच थोडे मंदावतात. फरक असा बघा: नातवंडं आली, शेजारी पत्त्यांचा डाव जमला, की साधा कंटाळलेला माणूस खुलतो. नैराश्यात तोही क्षण कोरडा जातो. आणि ऑगस्टमध्ये बाकीचे होडीला रंग देत असताना हा ओटीवरून उठत नसेल, तर पावसाला दोष देणं थांबवा.

दुःख. घरातलं माणूस गेल्यावर रडू लाटेसारखं येतं, मध्ये आठवणीने हसूही येतं. स्वतःबद्दलची किंमत सहसा शाबूत असते. "मीच नालायक, मीच जायला हवं होतं" हे सुरू झालं की ते नुसतं दुःख राहिलेलं नाही.

दारू. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा चिडचिड आणि वाढलेल्या पिण्याच्या रूपात दिसतं. "दारूमुळे असा झाला" की "असा झाला म्हणून पितो" हा वाद घरात घालू नका, डॉक्टरला दोन्ही सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे धोके असतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

बाळंतीण. प्रसूतीनंतरचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येईना, तर "माहेरपणाचे लाड" म्हणून सोडू नका. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि ती असंबद्ध बोलते आहे, हे तर तातडीचं दुखणं आहे. त्याच दिवशी रुग्णालय.

म्हातारपण. वयस्कर माणसं उदासी सांगत नाहीत, अंगदुखी, बद्धकोष्ठ आणि विसरभोळेपणा सांगतात.

टप्पा २: विचारा, पण नेमकं

मुंबईहून रोज फोन करणाऱ्या चाकरमान्यांची चूक इथे होते. "आये, बरी आसस मां?" याला "होय रे" हेच उत्तर येणार. त्याऐवजी मोजता येतील असे प्रश्न विचारा. आज किती वाजता जाग आली? सकाळी काय खाल्लंस, पेज की नुसता चहा? बाजारात शेवटची कधी गेली होतीस? शेजारच्या काकी आल्या होत्या का? चार दिवसांची उत्तरं कागदावर ओळीने लिहिलीत की चित्र दिसू लागतं. काकींनाही एक फोन करा. त्यांना खळ्यातून जे दिसतं ते तुम्हाला फोनवर कळणार नाही.

समोरासमोर बोलताना आधी जे पाहिलंत ते सांगा, मग प्रश्न: "बाबा, पंधरा दिवस बघतोय, तुम्ही बागेकडे फिरकला नाहीत, जेवणही अर्ध्यावर सोडता. मनाला काही लागलंय का?" मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्याला सहन होत नाही म्हणून आपण सल्ला द्यायला लागतो. "मन घट्ट कर", "लोकांचं बघ कसं चाललंय", "तुला काय कमी आहे" ही तीन वाक्यं तर अजिबात नकोत. यांनी माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही, एवढाच परिणाम होतो.

मरणाचा विषय सरळ काढा: "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट आधीपासून असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर पुढचा प्रश्न: कसं, कधी, काही ठरवलंय का? ठरवलेलं असेल तर वरचा तातडीचा परिच्छेद.

टप्पा ३: घर सुरक्षित करा

मरणाची नुसती पुसट भाषा निघाली तरी हा टप्पा करायचा, आणि डॉक्टरांच्या भेटीच्या आधी. आंबा-काजूच्या बागा असलेल्या घरांत फवारणीची औषधं पडवीत, माळ्यावर, पंपाशेजारी पडलेली असतात. ती घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात गेली पाहिजेत. घरातल्याच कपाटात कुलूप लावून किल्ली खुंटीला टांगणं म्हणजे काहीच न करणं. हंगाम असेल तर लागेल तेवढंच त्या दिवशी आणायचं. उंदराचं औषध आणि जुन्या उरलेल्या गोळ्याही हलवा. घरात दारू ठेवू नका. तीव्र लहर बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

टप्पा ४: कुठे जायचं ते ठरवा

आज रात्रीच बोलायचं असेल, किंवा गावात कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर १४४१६ लावा. हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक, फुकट, चोवीस तास, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १८००-८९१-४४१६ हाही त्यांचाच. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. घरात रेंज नसेल तर घाटीवर चढून का होईना, पण एकांत मिळेल अशा जागी जाऊन करा. दुकानाच्या कट्ट्यावरून हे बोलणं होत नाही.

प्रत्यक्ष भेटीसाठी पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचा डॉक्टर. तिथे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ या तपासण्या करून घ्या. थायरॉइड कमी झालं की थकवा, मंदपणा, उदासी हुबेहूब नैराश्यासारखी येते. मात्र अहवाल ठीक आले म्हणजे "काही झालेलं नाही" असं नव्हे. सगळं ठीक असूनही लक्षणं आहेत, म्हणजे आता मानसोपचाराकडे वळायचं. एकामागून एक नव्या तपासण्यांत महिना घालवू नका.

पुढची पायरी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग: अलिबाग, रत्नागिरी, ओरोस. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. पहिली एसटी पकडून पोहोचल्यावर "आज डॉक्टर नाहीत" ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा घराबाहेर पडायला तयार होत नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. "ह्याला रत्नागिरीक धाडूक होयो" ही चेष्टा गावोगाव चालते आणि तिच्यापायी लोक तिथल्या बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढायला घाबरतात. नैराश्याचे बहुतेक रुग्ण तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी परततात.

कौल, गाऱ्हाणं, देवऋषी यांबद्दल: घरच्यांशी त्यावरून भांडू नका, भांडणात आठवडे जातात. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, डॉक्टरची तारीख मात्र तीच राहिली पाहिजे. तीन गोष्टींना ठाम नकार द्या: गोळ्या बंद करायला सांगणं, उपाशी ठेवणं, मारहाण किंवा बांधून ठेवणं.

टप्पा ५: पहिली भेट वाया घालवू नका

गर्दीच्या विभागात मिळणारा वेळ थोडा असतो. त्यात माणूस "अशक्तपणा" म्हणतो आणि मनाचं काही बोलतच नाही. सगळा उपचार इथे चुकीच्या वाटेला लागतो. म्हणून घरूनच एक चिठ्ठी लिहून न्या. साधारण अशी:

"वय ५८. जूनपासून पहाटे तीनला जाग येते. जेवण निम्मं. वजन ६४ वरून ५९. बागेत जाणं बंद. 'माझा काही उपयोग नाही' असं तीन-चारदा बोलले. मरणाचा विषय एकदा काढला. बीपीची गोळी चालू. दारू नाही. थोरल्या भावाला असाच त्रास झाला होता, गोळ्यांनी बरा झाला."

सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, गुडघेदुखीच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर ते आधी सांगा. त्याप्रमाणे औषध निवडता येतं, दूध आपल्या मनाने तोडू नये.

आणि एक गोष्ट डॉक्टरने विचारली नाही तरी सांगाच: आयुष्यात कधी याच्या उलट काळ होता का? म्हणजे आठवडाभर झोप कमी होऊनही प्रचंड उत्साह, वायफळ खर्च, मोठमोठ्या योजना, अखंड बडबड. असा काळ असेल तर दुखणं वेगळ्या जातीचं असू शकतं आणि नैराश्याची नेहमीची गोळी एकटी दिली तर तोल दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

*तपासा:* निघताना चार गोष्टी कळल्या आहेत का? गोळीचं नाव आणि वेळ, सुरुवातीला काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख, मध्येच बिघडलं तर कुणाला विचारायचं. रुग्णाला डॉक्टरशी काही मिनिटं एकट्याने बोलू द्या. सुनेसमोर सासू आणि बायकोसमोर नवरा खरं सांगतोच असं नाही.

सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही भागतं. मध्यम आणि तीव्र त्रासात बहुधा गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतात.

टप्पा ६: पहिले सहा आठवडे टिकवा

सर्वांत जास्त माणसं इथेच गळतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी औषधं आहेत आणि ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत.

पहिला आठवडा: मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, थोडी बेचैनी. फायदा काहीच नाही. "गोळीने उलट वाढलं" असं वाटतं ते याच दिवसांत. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. बहुतेक त्रास आठ-दहा दिवसांत उतरतो.

दुसरा ते चौथा आठवडा: झोप आणि भूक आधी सुधारते. हा बदल रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतो, तो त्याला बोलून दाखवा. सावध राहायचं तेही याच काळात. अंगात हालचाल येते पण मनातली निराशा अजून तशीच, असं होऊ शकतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर या आठवड्यांत विशेष लक्ष हवं: बेचैनी वाढली किंवा मरणाची भाषा आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा.

चौथा ते सहावा आठवडा: मन हलकं होऊ लागतं. चार आठवडे नेमाने घेऊनही काडीचा फरक नसेल तर डॉक्टरकडे परत जा. मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे उपाय संपले असं नाही.

साठीच्या पुढच्या माणसांत या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. नव्याने गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं दिसलं तर रक्त तपासा. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या सोबत चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, डॉक्टरला आठवण करून द्या.

*खबरदारी:* झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम सुरुवातीच्या थोड्या दिवसांपुरती असते. नैराश्य तिने जात नाही आणि सवय मात्र लागते. जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून ती महिनोन् महिने आणत राहणं ही फार जुनी खोड आहे. गोळ्यांचा साठा एकाच घरच्या माणसाच्या ताब्यात असू द्या, घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको.

टप्पा ७: दिवसाला आकार द्या

बरं वाटलं की काम करीन, असं रुग्ण म्हणतो. क्रम उलटा लावा. मन नसताना केलेल्या छोट्या कामाने मन थोडं सरकतं. काम इतकं लहान हवं की नाही म्हणायला जागा नको: तुळशीला पाणी, सकाळच्या उन्हात खळ्यात दहा मिनिटं, माडाखालच्या सुंभाची एक दोरी. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच. "चल, समुद्रावर फिरून येऊ" म्हणून जबरदस्तीने नेलं आणि तिथे चार ओळखीचे भेटले की माणूस अधिक मिटतो.

शेती विकणं, नोकरी सोडणं, वाटणी, लग्न मोडणं असे निर्णय या काळात लांबणीवर टाका. चतुर्थीला घर भरलं की रुग्णाला एक कोपऱ्याची खोली आणि दुपारची झोप मिळेल एवढं पाहा, आणि पाहुण्यांनी "काय झालंय ह्याला?" विचारलं तर काय सांगायचं ते त्याच्याशी आधीच ठरवा. सणाच्या धांदलीत गोळी चुकते, तिची वेळ आरतीला बांधून टाका.

टप्पा ८: गोळ्या कधी आणि कशा थांबवायच्या

पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा त्रास झाला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. बंद करायची ती डॉक्टरच्या सल्ल्याने, मात्रा उतरवत. एकदम सोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं होतं आणि लोक समजतात की गोळीची सवय लागली. तशी सवय या औषधांची लागत नाही, शरीराला बदलायला वेळ हवा असतो. पावसाळ्यात घाट बंद पडतात, एसटी रद्द होतात, तेव्हा जूनच्या आधीच डॉक्टरशी बोलून पुढच्या गोळ्यांची सोय करून ठेवा.

बंद केल्यावर पहिले सहा महिने पहिल्या टप्प्यातली नोंद महिन्यातून एकदा करा. प्रत्येकाचा त्रास बहुधा त्याच वाटेने परत येतो. कुणाची आधी झोप तुटते, कुणी आधी फोन उचलणं सोडतं. आपल्या माणसाची पहिली खूण कुठली होती ती जुन्या चिठ्ठीत लिहिलेली असेल. ती सलग आठवडाभर दिसली की दोन आठवडे पुरे व्हायची वाट न पाहता तारीख घ्या, आणि चिठ्ठी सोबत न्या.